न मिळालेले बिल

क्रेडिट कार्ड हातात धरून मी श्रीलंकेत, कँडीतल्या एका सरकारी रुग्णालयात बिलाची खिडकी शोधत होते आणि ती काही केल्या सापडत नव्हती. नवऱ्याला आत नेले होते, त्याचा ताप तिसऱ्या दिवशीही एकशे तीनच्या खाली येत नव्हता, आणि आता कोणीतरी येऊन ‘आधी डिपॉझिट भरा’ असे सांगेल, या आयुष्यभराच्या सवयीने मी उभी होते. शेवटी न राहवून मी एका परिचारिकेसमोर कार्ड धरले. तिथे सगळे परिचारिकेला ‘मिस्’ म्हणतात. त्या मिस्‌ने कार्ड निरखून पाहिले, त्यावरचे माझे नाव वाचले आणि ते रुग्णाच्या नावाच्या रकान्यात लिहायला घेतले. मी घाईघाईने तिला थांबवले, तेव्हा तिने विचारले, ‘मग हे कशासाठी?’ त्या प्रश्नाचे उत्तर मला नीट देता आले नाही.

सहलीचे पहिले पाच दिवस मजेत गेले होते: नेगोम्बो, अनुराधापुर, सिगिरिया, दांबुल्ला. सहाव्या दिवशी कँडीत पोहोचलो आणि त्याच रात्री नवऱ्याला हुडहुडी भरली. पायऱ्या चढून अंग दुखत असेल, असे समजून मी त्याला घरून नेलेली ताप आणि अंगदुखीची जोडगोळी दिली, दुसऱ्या दिवशी पुन्हा दिली, आणि वर माझ्या औषधांच्या डब्याचे कौतुकही करून घेतले. आम्ही ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या आंटींनी ती पट्टी पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. श्रीलंकेत डेंग्यू घराघरात ठाऊक आहे. २०१७ च्या साथीत तिथे पावणेदोन लाखांहून अधिक रुग्णांची नोंद झाली होती. डेंग्यूचा संशय असेल तर पॅनडॉलखेरीज, म्हणजे साध्या पॅरासिटामॉलखेरीज, दुसरी वेदनाशामक गोळी द्यायची नाही, कारण तिने रक्तस्रावाचा धोका वाढतो, हे त्या निवृत्त शिक्षिकेला माहीत होते आणि पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या मला नव्हते. त्यांनी मला न विचारताच १९९० हा क्रमांक फिरवला.

या क्रमांकावर येणाऱ्या मोफत रुग्णवाहिकेचे नाव ‘सुव सॅरिया’. ती सेवा २०१६ साली भारताच्या अनुदानावर पश्चिम आणि दक्षिण प्रांतांत सुरू झाली आणि पुढे देशभर पसरली, हे आतल्या मदतनिसानेच मला सांगितले. मी भारतीय आहे हे कळल्यावर तर त्याने माझे आभारही मानले. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची तशीच मोफत सेवा २०१४ पासून चालू आहे, परंतु मी तिला कधी फोन केलेला नाही. आमच्या घरात कोणी आजारी पडले की आधी विम्याचे कार्ड शोधतात आणि मग त्या विम्याच्या यादीतले रुग्णालय.

नवऱ्याला पुरुषांच्या वॉर्डात दाखल केले आणि मला नम्रपणे बाहेर काढले. भेटीची वेळ दुपारी बारा ते एक आणि संध्याकाळी पाच ते सहा. मधल्या वेळात बायकोलाही प्रवेश नाही. पहिल्या दिवशी मी यावर फार चिडले, कारण आपल्याकडच्या खासगी रुग्णालयात माणूस खोलीचे भाडे भरतो आणि रुग्णाच्या उशाशी सोफ्यावर झोपतो. साडेअकरापासून फाटकाबाहेर डबे, शहाळी, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या भाताच्या पुड्या घेऊन माणसे जमत. बाराच्या ठोक्याला रखवालदाराने फाटक उघडले की ती सगळी गर्दी धावतच आत जाई आणि मीही साडी सावरत तिच्याबरोबर धावे.

वॉर्ड स्वच्छ होता असे मी म्हणणार नाही. न्हाणीघर वाईट होते. दाखल झाल्यावरची पहिली रात्र नवऱ्याने खुर्चीत बसून काढली, कारण खाटा भरलेल्या होत्या आणि दोन खाटांच्या मधल्या जागेत चटईवरही माणसे होती. पण त्या खुर्चीतही दर तीन तासांनी कोणीतरी येऊन त्याचे रक्तदाब, नाडी आणि लघवीचे माप नोंदवून जात होते. प्यालेले पाणी किती, शहाळे किती, बाहेर पडलेले किती, असा सगळा जमाखर्च एका मोठ्या तक्त्यावर मांडला जाई. डेंग्यूत ताप उतरताना रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरू लागतो, म्हणून शरीरात पाणी कमी पडणेही धोक्याचे आणि जास्त होणेही धोक्याचे. यावर खास औषध नाही, हा हिशेब हाच उपचार. माझा नवरा हिशेबनीस आहे. तिसऱ्या दिवशी तो शेजारच्या खाटेवरच्या माणसाच्या तक्त्यातली बेरीज तपासत होता, तेव्हा मला खात्री पटली की तो वाचला.

या शेजाऱ्यांविषयी मला सविस्तर सांगायचे आहे, कारण माझ्या मनात जे काही हलले ते त्यांच्यामुळे. डाव्या खाटेवर एका बँकेचा शाखाधिकारी होता आणि उजव्या खाटेवर तीनचाकी चालवणारा एक तरुण. समोर चहाच्या मळ्यातला एक म्हातारा तमिळ मजूर होता, ज्याच्याशी सिंहली मिस् खुणांनीच बोले आणि ज्याला भेटायला तीन दिवसांत एकदाच कोणी आले, कारण मळा लांब होता. मळ्यांतल्या माणसांपर्यंत ही व्यवस्था अजूनही पुरती पोहोचलेली नाही, हे तिथले लोकच सांगतात. तरीही शाखाधिकाऱ्याला मी विचारलेच की तुम्ही खासगी रुग्णालयात का गेला नाहीत. त्याने शांतपणे सांगितले, ‘खोकला झाला तर खासगीत जातो. हा डेंग्यू आहे.’

आपल्याकडे हे वाक्य नेमके उलटे ऐकू येते. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत भारतात दाखल झालेल्या रुग्णांपैकी ४२ टक्के सरकारी रुग्णालयांत होते आणि ५५ टक्के खासगी. श्रीलंकेत बाह्यरुग्णांपैकी निम्म्याच्या आसपास खासगीकडे जातात. पण दाखल होण्याची वेळ आली की बहुतेक सगळे सरकारी फाटकाशीच येतात. याची मुळे जुनी आहेत. कलुतर येथे १९२६ साली पहिले आरोग्य केंद्र सुरू झाले आणि सुईणी घरोघर जाऊ लागल्या. १९३१ साली प्रौढ मताधिकार मिळाला, आणि १९३४-३५ च्या मलेरियाच्या साथीत खेड्यांत हजारोंनी माणसे दगावली, तेव्हा त्याच खेड्यांतल्या मतदारांपुढे जायचे असल्यामुळे पुढाऱ्यांना खेड्यापाड्यांत रुग्णालये उभारावी लागली. १९५१ साली सरकारी रुग्णालयांतले शुल्क रद्द झाले. गंमत अशी की मुंबईचे के. ई. एम. रुग्णालयही १९२६ चेच. तिथेही चटईवर रुग्ण असतात आणि तिथले डॉक्टरही तितकेच निष्णात असतात. फरक इतकाच की तिथल्या चटईशेजारच्या खाटेवर आमच्या ओळखीतला बँकेचा शाखाधिकारी सहसा सापडत नाही. मी पंचावन्न वर्षांची आहे, आणि सरकारी रुग्णालयात आयुष्यात प्रथम रांगेत उभी राहिले ती परदेशात.

हे सगळे वाचून कोणाला तिथे रामराज्य आहे असे वाटू नये. चौथ्या दिवशी एका तपासणीसाठी माझ्या हातात चिठ्ठी दिली गेली आणि बाहेरच्या प्रयोगशाळेतून ती करून आणायला सांगितले, कारण रुग्णालयातले रसायन संपले होते. ‘बाहेरून आणा’ हे शब्द मला अगदी घरच्यासारखे वाटले. २०२२ च्या आर्थिक संकटाची जखम अजून भरलेली नाही; त्या वर्षी मार्चमध्ये पेराडेणिय येथल्या अध्यापन रुग्णालयाने औषधांअभावी नियोजित शस्त्रक्रिया थांबवल्या होत्या, आणि त्यानंतर अनेक डॉक्टर देश सोडून गेले. शिवाय आपल्या बाजूचे आकडेही अगदीच काळे नाहीत: श्रीलंकेतला मातामृत्यू दर लाख जन्मांमागे तीसच्या आसपास असतो, २०१८-२० या काळात भारताचा ९७ होता, पण महाराष्ट्राचा ३३ होता. म्हणजे आपल्यालाही जमते.

पाचव्या दिवशी सकाळी हाउस ऑफिसर, म्हणजे वॉर्डातली कनिष्ठ डॉक्टर, असलेल्या मुलीने मला सांगितले की आज तिकीट कापणार. आपल्याकडे तिकीट कापले की पुढारी रुसून बसतो; तिथे खाटेच्या उशाशी असलेल्या नोंदपत्राला तिकीट म्हणतात, आणि ते कापले की रुग्ण घरी जातो. निदान आणि सूचना लिहिलेले एक कार्ड हातात मिळाले. बिल मिळाले नाही.

एवढ्यावर थांबायला हवे होते. पण मोफत सल्ला मला पुरेसा वाटेना, हे कबूल करते. मोठ्या डॉक्टरांशी पाच मिनिटे निवांत बोलता आले पाहिजे, असा हट्ट धरून मी आंटींना एक ‘चॅनल’ करायला लावले. तिथे खासगी रुग्णालयात डॉक्टरची वेळ घेण्याला चॅनल करणे म्हणतात. १९७७ नंतर सरकारी डॉक्टरांना नोकरीची वेळ संपल्यावर खासगी व्यवसाय करण्याची मुभा मिळाली आणि दिवसा वॉर्डात असलेले डॉक्टर संध्याकाळी तिथे बसू लागले. पावतीवर डॉक्टरांचे शुल्क आणि रुग्णालयाचा आकार वेगवेगळ्या ओळींत छापलेले होते. मिळून तीन हजारांच्या जवळपास श्रीलंकन रुपये, म्हणजे आपले साडेआठशे. आमचा क्रमांक ३१. थंडगार दालनात, मऊ खुर्चीवर, टीव्हीसमोर आम्ही दोन तास बसलो. आत गेलो तर समोर वॉर्डातलेच डॉक्टर, फक्त दमलेले. त्यांनी नवऱ्याला लगेच ओळखले, सरकारी कार्ड वाचले, आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, ‘यात सगळे मीच लिहिले आहे. तुम्ही पैसे का घालवलेत?’ आम्ही तीन मिनिटांत बाहेर आलो.

एल्लाची रेल्वे हुकली आणि गॉलचा किल्ला पाहायचा राहिला. घरी परतल्यावर प्रवास विम्याचा अर्ज भरायला बसले. त्यात दाखल झाल्याची तारीख, घरी सोडल्याची तारीख, निदान, असे सगळे रकाने भरले आणि ‘रुग्णालयाचे एकूण बिल’ या रकान्यात शून्य लिहिले. अर्ज पुढे सरकेना. फोन केला तेव्हा पलीकडच्या मुलाने अत्यंत सौजन्याने सांगितले, ‘मॅडम, पाच दिवस ॲडमिट होते ना? मग शून्य कसे असेल? पुन्हा एकदा नीट बघा, बिल असेल कुठेतरी.’ मी कागदांचा गठ्ठा पुन्हा एकदा नीट पाहिला. त्यात त्या तीन मिनिटांची पावती तेवढी होती.