दारव्ह्याची रुई, उरणचा धूर : आमची वाटचाल

आमचा जिन, म्हणजे कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधायचा कारखाना, यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्यात, समुद्रापासून साडेसहाशे किलोमीटर आत. बंदरातला धूर हा तुझाही विषय आहे, असं २०१७ च्या आधी कोणी म्हटलं असतं, तर त्याला चहा पाजून मी वाटेला लावलं असतं.

बाबांनी १९९१ मध्ये बारा जुने रेचे (सरकी काढायची यंत्रं) घेऊन काम सुरू केलं. आजोबा त्याआधी दुसऱ्याच्या जिनात मापारी होते. ते सांगायचे, गाठी शकुंतलेत, म्हणजे आमच्याकडच्या छोट्या लाइनच्या गाडीत चढायच्या, मूर्तिजापूरला मोठ्या लाइनच्या डब्यात पडायच्या आणि मुंबईच्या धक्क्यावरून मँचेस्टरला जायच्या. शकुंतलेचं वाफेचं इंजिनही १९२१ सालचं, मँचेस्टरचंच. ते १९९४ पर्यंत चाललं. माझ्या हाती धंदा आला तोवर सगळा माल ट्रकवर आला होता. प्रेस बसवणं, कर्ज, दोन वाईट हंगाम, हे सगळ्याच जिनवाल्यांचं सारखं, ते सोडून देतो.

२०१४ पासून आमची रुई व्हिएतनामच्या एका सूतगिरणीला जाऊ लागली. गाठी ट्रेलरने उरणच्या सीएफएसमध्ये (बंदराबाहेरच्या कंटेनर गोदामात), तिथे कंटेनरात भरायच्या, मग बंदरात. मी दारव्ह्यातून फोनवर सगळं बघायचो आणि गाडी जिनचं गेट ओलांडून निघाली की माझं काम झालं समजायचो.

२०१७ च्या जानेवारीत दुसऱ्या कामाने नवी मुंबईला गेलो होतो, तर आमची गाडी उरणला गेटबाहेर अडकल्याचा फोन आला. पॅकिंग लिस्टमध्ये १५५ गाठी, चलनावर १५६. चूक आमच्याच ऑफिसातली. मी पोचलो तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. रस्त्याच्या कडेला शंभरेक गाड्या, प्रत्येकीचं इंजिन घुरघुरतंय, हवेत डिझेलचा असा वास की घसा धरला. आमचा ड्रायव्हर दिग्रसचा. त्याला म्हटलं, भाऊ, निदान इंजिन तरी बंद कर. तो म्हणाला, "बंद कसं करू जी? पुढचा दहा फूट सरकला का आपल्याले सरका लागते." गाडी एकूण ३१ तास उभी राहिली. तासाला दोन लिटर धरलं तरी साठ लिटर डिझेल, एका गाठीच्या घोळापायी.

पहाटे आमच्या सीएचएच्या (कस्टमचे कागद बघणाऱ्या एजंटच्या) माणसाने बंदरात नेलं. धक्क्याला बांधलेल्या जहाजाच्या धुराड्यातून धूर निघत होता. जहाज उभं असताना धूर कशाचा, मी विचारलं. तो म्हणाला, मोठं इंजिन बंद आहे, पण दिवे, पंप, फ्रीजचे कंटेनर यांच्यासाठी जनरेटर चालू असतात. लग्नाच्या मांडवामागे असतो तसा जनरेटर, फक्त अख्ख्या गावाचा. धक्क्यावरून जहाजाला विजेची केबल दिली की तो बंद ठेवता येतो.

घरी आल्यावर पहिलं काम कागदांचं केलं. आता गाठी मोजणारा एक आणि आकडे टाकणारा दुसरा, आणि दोघांची सही जुळल्याशिवाय काट्यावरून गाडी हलत नाही. याला पैसा लागला नाही. गाड्यांचं उभं राहणं मात्र निम्म्याहून कमी झालं.

२०२२ मध्ये सूतगिरणीची एक एक्सेल शीट आली. त्यांच्या सुताचे कपडे युरोपात जातात, तिथला ग्राहक कार्बनचा हिशेब मागतो. एका रकान्यात 'जिन ते बंदर : वाहन, अंतर, इंधन' एवढंच होतं. लिटरला तीन किलोमीटर धरले तर एका ट्रेलरला सव्वादोनशेच्या आसपास डिझेल, आणि एक लिटर जळलं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे एका खेपेचा सहाशे किलो. प्रत्येकी १७० किलोच्या साडेतीन गाठी भरतील एवढं वजन, फक्त हवेत.

मग नागपूरचा अजनी कंटेनर डेपो शोधला. रिकामा कंटेनर तिथून आणायचा, आमच्या अंगणात भरायचा, सील लावून परत अजनी, पुढे रेल्वेने न्हावा शेवा, म्हणजे उरणचंच बंदर. बाबांना हे पटलंच नाही. "मुंबई मावळतीकडे आन् तू माल उगवतीकडे धाडतो?" प्रश्न रास्त होता. दोनशे किलोमीटर उलटं जायचं, तेही जाऊन-येऊन. तरी डिझेल शंभर-सव्वाशे लिटरवर येतं, आणि नागपूर-मुंबई लाइन विजेवर आहे. गेटबाहेरची ट्रकची रांग तर आपल्या वाट्याची संपतेच.

वीज म्हटलं की विदर्भातल्या माणसाला चंद्रपूरची राख आठवते. उरणची क्रेन विजेवर गेली आणि ती वीज कोळशाची असली, तर धूर समुद्रावरून उचलून आमच्या दारात आणून टाकल्यासारखं होईल. केंद्र सरकारच्या २०२३ च्या बंदरांसाठीच्या 'हरित सागर' मार्गदर्शक सूचनांत मालाच्या टनामागचं कार्बन उत्सर्जन २०३० पर्यंत ३० टक्के आणि २०४७ पर्यंत ७० टक्के कमी करायचं म्हटलंय. त्यातच २०३० पर्यंत ६० टक्क्यांहून जास्त वीज सौर-पवन अशा स्रोतांची हवी, असंही आहे. माझ्या मते खरी मेख या दुसऱ्या कलमात आहे. आमच्या शेडवर पॅनेल बसलेत, पण दिवसाच्या पाळीपुरते. रात्री रेचे ग्रिडवरच.

गेल्या हंगामात अकरा कंटेनर गेले. आठ रेल्वेने, तीन ट्रकने, कारण रेक (मालगाडी) चुकली तर जहाज चुकतं आणि सूतगिरणी थांबत नाही. त्या तिनांचे आकडेही शीटमध्ये जसेच्या तसे भरले.

वर्धा-यवतमाळ-नांदेड लाइनवर २०२४ च्या फेब्रुवारीत कळंबपर्यंत गाडी आली. ती लाइन पुढे दारव्ह्यावरूनच जाणार आहे. बाबा रोज पेपरात तिची बातमी शोधतात, आणि नाही सापडली की मला विचारतात, या आठवड्यात किती गाड्या नागपूरला उलट्या धाडल्या.