लेबल वाचतं तरी कोण?

आहाराबद्दल सल्ला देणं हे माझं काम, त्यामुळे एक प्रश्न मला सतत विचारला जातो: "पाकिटावर सगळं स्पष्ट छापायलाच हवं, असा तुमचा एवढा हट्ट का? लेबल वाचतं तरी कोण?" ज्याला काळजी आहे तो शोधून वाचतोच आणि ज्याला नाही त्याच्यापुढे केवढंही मोठं छापलं तरी व्यर्थ, असा त्यामागचा रोख असतो.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. काळजी असलेल्या माणसालाही लेबलं नीट वाचता येत नाहीत, हे मी रोज बघते. रक्तदाबाच्या रुग्णाला मीठ कमी करायला सांगितलेलं असतं. जागतिक आरोग्य संघटनेनं प्रौढांसाठी घातलेली मर्यादा दिवसाला 5 ग्रॅमच्या आतली आहे, हेही त्याला पाठ असतं. तो पाकीट उलटून बघतो, तर तिथे कितीतरी वेळा मिठाचा उल्लेखच नसतो. असतं ते सोडियम, 800 मिलिग्रॅम. सोडियमला अडीचनं गुणलं की मीठ निघतं, म्हणजे हे झालं 2 ग्रॅम, हा हिशोब त्याला कुणी शिकवलेला नसतो. त्यात तो आकडा 100 ग्रॅमचा की एका 'सर्व्हिंग'चा, म्हणजे एका वेळच्या वाढणीचा? पाकिटात तीन सर्व्हिंग असल्याचं कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं आणि पाकीट तर एका बैठकीत संपतं.

साखरेची गोष्ट मला जास्त खटकते. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं द्यायची असते, त्यामुळे जे सर्वांत जास्त ते सर्वांत वर. पण तीच साखर थोडी साखर म्हणून, थोडी ग्लुकोज सिरप म्हणून, थोडी डेक्स्ट्रोज म्हणून आणि थोडी फळांच्या रसाचा अर्क म्हणून घातली, की प्रत्येकीचं वजन कमी भरतं आणि सगळ्याच खाली सरकतात. यादीत एक अक्षरही खोटं नसतं, आणि तरीही मुलासाठी डबा भरणारी आई फसते. माझा संताप आहे तो यावर.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. समजा, खरंच कुणी वाचत नाही. तरीही लेबल काम करतं, कारण ते बनवणाऱ्याला वाचावं लागतं. अमेरिकेत 2006 पासून ट्रान्स फॅटचं, म्हणजे मुख्यतः तेल घट्ट करताना तयार होणाऱ्या मेदाचं, प्रमाण लेबलवर वेगळं दाखवणं सक्तीचं झालं. हृदयाला घातक असलेल्या या मेदाचा आकडा स्वतःच्या नावाखाली छापण्यापेक्षा अनेक कंपन्यांनी तेलच बदललं. ज्यांनी आयुष्यात एकही लेबल वाचलं नव्हतं, त्यांच्याही पोटात कमी ट्रान्स फॅट जाऊ लागलं. त्याच नियमात एक पळवाटही होती: एका सर्व्हिंगमध्ये अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी असेल तर शून्य लिहिता येतं. सर्व्हिंग लहान दाखवलं की शून्य. म्हणून 100 ग्रॅमचा आकडा हवाच, यावर मी अडून बसते.

फिनलंडनं 1993 मध्ये जास्त मिठाच्या पदार्थांवर तसा इशारा छापणं बंधनकारक केलं आणि उत्पादकांनी मीठ उतरवलं. चिलीनं 2016 मध्ये आणखी पुढचं पाऊल टाकलं. साखर, सोडियम, संपृक्त मेद किंवा उष्मांक मर्यादेबाहेर गेले, की पाकिटाच्या दर्शनी बाजूला काळा अष्टकोन आणि त्यात मोजके शब्द: यात साखर जास्त. गणित नाही, चष्मा शोधायला नको. असा इशारा असलेले पदार्थ शाळेत विकायचे नाहीत आणि मुलांसमोर त्यांची जाहिरात करायची नाही, असंही त्याच कायद्यानं ठरवलं. त्यानंतर गोड पेयांच्या खरेदीत जवळपास एक चतुर्थांश घट झाल्याचं अभ्यासात दिसलं. हे सगळं यश एकट्या अष्टकोनाचं, असं मी म्हणणार नाही. जाहिरातबंदीचाही त्यात वाटा आहे. फ्रान्समधली पदार्थाला A ते E यांपैकी एका अक्षराची श्रेणी देणारी पद्धतही अनेकांना आवडते. मला ती तितकी पटत नाही. मूत्रपिंडाच्या रुग्णाला सोडियमचा आकडा हवा असतो, आणि तो एका अक्षरात मिसळून गेलेला असतो.

खर्चाचा मुद्दाही निघतो. लहान उत्पादकाला प्रयोगशाळेची चाचणी जड जाते, हे खरं आहे. त्याला मुदत द्या, प्रमाणित तक्त्यांवरून हिशोब करू द्या. पण सगळं कंपन्यांच्या इच्छेवर सोडा, हे मात्र मला मान्य नाही. ऐच्छिक ठेवलं की ज्यांचे आकडे चांगले ते मिरवतात, ज्यांचे वाईट ते गप्प बसतात, आणि नेमकी ज्या पाकिटाबद्दल माहिती हवी तेच कोरं राहतं. म्हणून माझी मागणी कायद्याची आहे: मीठ 'मीठ' म्हणून, वरून घातलेली साखर वेगळी, आकडे 100 ग्रॅमचे, आणि मर्यादा ओलांडली असेल तर इशारा समोरच्या बाजूला.