तुम्ही विचारलंत म्हणून: स्पितीसाठी स्वस्तातली फोर बाय फोर

"पाच-सहा लाखांचं बजेट आहे, पुढच्या उन्हाळ्यात पुण्याहून स्पितीला गाडी घेऊन जायचंय, कुठली जुनी फोर बाय फोर घेऊ?" हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत, ऑफिसच्या लिफ्टमध्ये आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये सारखा विचारला जातो. माझ्याकडे तसली एक जुनी गाडी आहे आणि ती तिकडचा चिखल खाऊन आलेली आहे, एवढंच माझं क्वालिफिकेशन. उत्तराची सुरुवात मी गाडीच्या नावानं करत नाही, त्यामुळे विचारणाऱ्याचा हिरमोड होतो. तरी तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

आधी एक नावडती गोष्ट. उन्हाळ्यात स्पितीला जायला फोर बाय फोर लागतेच असं नाही. कुंझुम खिंड उघडी असते तेव्हा हिमाचल परिवहनची एसटी मनालीहून स्पितीतल्या काझाला जाते, आणि इंजिन तिची फक्त मागची चाकं फिरवतं. टेम्पो ट्रॅव्हलर जातात, गावातल्या लोकांच्या अल्टो जातात. त्या जातात कारण चालवणाऱ्याला कुठला दगड डावीकडून घ्यायचा आणि कुठला नाला किती वाजेपर्यंत गप्प असतो हे पाठ असतं. आपल्याला ते पाठ नसतं. ती उणीव थोडीफार भरून काढायला आपण चारही चाकांची ताकद विकत घेतो. एकदाच जायचं असेल तर मनालीहून तिथलाच ड्रायव्हर आणि त्याची जीप करा. स्वस्त पडेल, आणि खिडकीतून बाहेर तरी बघता येईल.

पुन्हा पुन्हा जायचं असेल, किंवा गाडीचीच हौस असेल (ती असतेच, म्हणून तर विचारता), तर रस्त्याचं गणित मांडू. पुण्याहून मनाली सुमारे दोन हजार किलोमीटर. अटल बोगदा ओलांडून ग्राम्फूला वळलं की खरा वाईट रस्ता सुरू होतो. छतरू, छोटा दारा, बातल, मग ४,५५१ मीटरवरची कुंझुम आणि पलीकडे उतरून लोसर. हा पट्टा शंभर किलोमीटरही नाही. म्हणजे जाऊन-येऊन चार हजार किलोमीटर डांबर, आणि त्यात मूठभर दगडधोंडे. लोक गाडी निवडतात ती दगडधोंड्यांचा विचार करून, आणि कंबर मोडते ती राजस्थानच्या हायवेवर. ही गोष्ट आधी लक्षात घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल.

त्या वाईट पट्ट्यात गाडीकडून नेमकं काय हवं? पहिलं म्हणजे पोट उंच हवं. छतरू ते बातल वाटेत गोल, गुळगुळीत धोंडे असतात आणि चेंबर (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) फुटला की सहल तिथंच संपते. दुसरं, लो रेंज, म्हणजे छोट्या दांड्यानं लागणारा कमी वेगाचा, जास्त जोराचा गिअर. फोर बाय फोरच्या जाहिरातीत चार चाकांचं कौतुक असतं, पण माझ्या मते निम्मी किंमत त्या छोट्या दांड्याची असते. चारही चाकं लो रेंजला, म्हणजे फोर लो मध्ये टाकली की चाकांवर येणारा जोर साधारण दुप्पट किंवा त्याहून जास्त होतो आणि गाडी माणसाच्या चालीनं, क्लच न जाळता, धोंड्यांवरून चढते. उतारावर तर ब्रेकवर पाय न ठेवता रांगत उतरते.

उंचीवर याचं महत्त्व आणखी वाढतं. कुंझुमवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ५७-५८ टक्क्यांवर येतो. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद जवळजवळ त्याच हिशेबानं उतरते. म्हणजे ८० हॉर्सपॉवरची मारुती जिप्सी तिथं पंचेचाळीसची उरते, त्यात चार माणसं आणि टपावर सामान. टर्बो डिझेलला ही झळ कमी बसते, कारण टर्बो विरळ हवाही दाबून आत ढकलतो. लो रेंज असेल तर पंचेचाळीस हॉर्सपॉवरही पुरतात, फक्त घाई करायची नाही.

आता नावं. बजेटमध्ये आणि मनात सगळ्यात आधी येते ती मारुती जिप्सी. १९८५ साली आलेली ही गाडी २०१९ च्या सुमारास बंद झाली, आणि तेव्हापासून तिचे भाव सोन्यासारखे बोलले जातात. घ्यायची तर १.३ लिटरची, आणि त्यातही २००० नंतरची एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शनवाली. कार्बोरेटरवाली पुण्यात कितीही गोड चालली तरी विरळ हवेत पेट्रोल जास्त पिते, काळा धूर सोडते आणि चढावर रडते. जिप्सीचं वजन हजार किलोच्या आत आहे आणि हेच तिचं खरं बळ. जिथं जड गाडी रुतते तिथं ही वरूनच निघून जाते, आणि रुतलीच तर चार माणसं ढकलून काढतात, टोचन लावायला ट्रक शोधावा लागत नाही. इंजिन एस्टीमच्या घराण्यातलं, त्यामुळे ते कुठल्याही मिस्त्रीच्या हातचं. पण पुढंमागं पाटे (लीफ स्प्रिंग), टाकी ४० लिटरची, कानठळ्या बसवणारा आवाज आणि मागच्या सीटवर बसलेल्या माणसाचे शिव्याशाप. दोघंच जात असाल आणि दोघांचं एकमेकांशी पटत असेल तर जिप्सी घ्या. आई-वडील बरोबर असतील तर तिचं नावही काढू नका.

महिंद्रा थारची पहिली आवृत्ती, २०१० नंतरची सीआरडीई (कॉमन रेल डिझेल), या बजेटमध्ये थोडी घासाघीस करून मिळते. १०५ हॉर्सपॉवरचं टर्बो डिझेल, दांड्यानं लागणारं फोर लो, आणि महिंद्राचा मिस्त्री सगळ्या देशात सापडतो. मला ही गाडी आवडते, पण तिची मागची सीट समोरासमोर बाकड्यांची आहे. पोरांना त्या बाकड्यांवर आडवं बसवून दोन हजार किलोमीटर न्यायचं ही शिक्षा आहे. शिवाय बहुतेक गाड्यांना कापडी टप असतो. बातलच्या अलीकडेच दातांखाली धूळ कचकचायला लागते. कुणीतरी बाहेरून चांगला हार्डटॉप बसवलेला असेल तर तो आरसी बुकात चढवलाय का ते बघा. गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल चालणार नाहीत असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ साली स्पष्ट केलंय. महिंद्राच्या जुन्या मेजर जीपवर नवी बॉडी चढवून "ओरिजिनल थार आहे साहेब" म्हणून विकणारे भेटतात, त्यांना लांबूनच नमस्कार करा.

घरचे बरोबर असतील तर माझा कौल टाटा सफारी स्टॉर्म फोर बाय फोरला. लष्करानं २०१७ साली जिप्सीच्या जागी तिचीच निवड केली, आणि आपल्याला मात्र ती जुन्या बाजारात पडत्या भावात मिळते. हायवेवर ही गाडी म्हणजे सुख, मागे पाय पसरता येतात, टर्बो डिझेलला कुंझुमची फिकीर नाही. दोष दोन. वजन दोन टनांच्या घरात, म्हणजे रुतली की टोचन ठरलेलं. आणि फोर बाय फोर लागते ती दांड्यानं नव्हे, डॅशवरच्या बटणानं, आत एक छोटी मोटर असते. ती मोटर किंवा तिची वायर रुसली तर काझात तिची समजूत काढणारा कुणी मिळेलच असं नाही. जुन्या स्कॉर्पिओ फोर बाय फोरची हीच कथा. म्हणून घेतल्यावर दर आठवड्याला एकदा मातीच्या रस्त्यावर ते बटण फिरवत जा. वापरात असलेली मोटर सहसा दगा देत नाही.

फोर्स गुरखा हा वेगळाच प्राणी. पुढच्या आणि मागच्या दोन्ही अॅक्सलना डिफरेन्शियल लॉक देणारी ती आपल्याकडची दुर्मीळ गाडी. लॉक कशाला? साध्या फोर बाय फोरमध्ये पुढचं एक आणि मागचं एक चाक हवेत उचललं गेलं की तीच दोन फिरत बसतात आणि जमिनीवरची दोन शांत राहतात. लॉक लावलं की दोन्ही बाजूंची चाकं एकत्रच फिरतात आणि हा नखरा बंद. पण स्पितीला एवढी वेळ फारशी येत नाही, आणि जुन्या गुरख्याचा हायवेवरचा वेग तुमच्या संयमाची परीक्षा घेतो. रेनोची डस्टर एडब्ल्यूडी (ऑल व्हील ड्राइव्ह) ही त्याच्या उलट. लो रेंज नाही, पण पहिला गिअर मुद्दाम आखूड दिलाय, सस्पेन्शन मऊ आहे आणि पोट बऱ्यापैकी उंच. जून ते सप्टेंबर या काळात फक्त स्पितीच करायची असेल तर शहाण्या माणसानं डस्टर घ्यावी. मित्रांमध्ये मिरवता येणार नाही, एवढंच. मारुती जिम्नीचं विचाराल तर ती २०२३ साली पावणेतेरा लाखांच्या आसपासच्या किमतीपासून सुरू झाली. सुरेख गाडी आहे, पण आपलं बजेट ते नव्हे.

गाडीचं नाव ठरलं की खरी मेहनत सुरू होते, कारण जुन्या फोर बाय फोरमध्ये मॉडेलपेक्षा आधीचा मालक जास्त महत्त्वाचा. बघायला सकाळी लवकर जा आणि पोचल्या पोचल्या बोनेटवर हात ठेवा. गरम असेल तर विकणाऱ्यानं तुमच्या आधीच ती चालू करून ठेवली आहे. थंड इंजिन काय बोलतं ते त्याला तुम्हाला ऐकू द्यायचं नसतं. मग खाली वाका. जिप्सीच्या पुढच्या चाकामागं लोखंडी गोळा दिसतो, त्यावरून काळं पातळ तेल ओघळत असेल तर आतलं सील गेलेलं आहे. चेसीवर मागच्या पाट्याच्या कड्यापाशी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकून बघा. खणखणीत आवाज आला तर ठीक, भद्द आला तर पत्रा आतून खाल्लाय. रत्नागिरी-मालवणकडची गाडी असेल तर ही ठोकाठोकी दुप्पट वेळ करा, खारी हवा चेसीला आतून पोखरते आणि वरून नवा काळा रंग मारलेला असतो.

मग मिस्त्रीला मागच्या हौसिंगचा (मागच्या अॅक्सलच्या मधल्या गोळ्याचा) बोल्ट उघडायला सांगा. विकणारा कुरकुर करेल, करू दे. बोट घालून तेल बाहेर काढा. दुधाच्या कॉफीसारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. ते कसं जातं हे कळलं तर पुढं स्वतःच्या गाडीलाही उपयोग होईल. तासन् तास चाललेली हौसिंग तापलेली असते, ती एकदम बर्फाच्या पाण्यात बुडते, आतली हवा आकसते आणि सीलच्या फटीतून पाणी ओढून घेते. हवा आत-बाहेर जाण्यासाठी हौसिंगवर एक ब्रीदर असतो, त्याला रबरी नळी जोडून वर बोनेटखाली नेली की पाण्याऐवजी हवा ओढली जाते. काही शे रुपयांचं काम आहे, आणि लोक हजारो रुपयांच्या एलईडी पट्ट्या लावतात.

फोर बाय फोर खरंच लागते का हे डॅशवरच्या दिव्यावर ठरवू नका. दिवा लागतो आणि पुढची चाकं निवांत असतात असं होतं. कडक जमिनीवर फोर हाय (लो रेंजशिवायची फोर बाय फोर) लावून स्टिअरिंग पूर्ण वळवा आणि अगदी हळू, दोन-चार मीटरच पुढं जा. गाडी आडली, कुणीतरी मागून धरल्यासारखी वाटली, तर समजा लागली आहे. कोरड्या डांबरावर फोर बाय फोर लावून फिरायचं नाही, ते याच कारणासाठी. नंतर मातीत फोर लो लावून चढ चढवा आणि वळताना पुढून कट-कट आवाज येतो का ऐका. आला तर जॉइंट गेलेत.

दिल्लीतल्या गाड्यांचा मोह बऱ्याच जणांना होतो. दहा वर्षांवरच्या डिझेलवर तिथं बंदी आली म्हणून ती पडत्या भावात विकली जाऊ लागली. पण एनओसी, इथला रोड टॅक्स आणि नवं पासिंग यांचा हिशेब सौद्याआधी आरटीओत जाऊन करून घ्या. स्वस्त गाडीचा सगळा स्वस्तपणा तिथं संपलेला मी पाहिलाय. आणि पंधरा वर्षं झालेल्या गाडीला महाराष्ट्रात पर्यावरण कर भरून फेरनोंदणी लागते, तेही धरा.

माझं खरं सांगणं पैशांबद्दल आहे. सहा लाख असतील तर गाडी चारची घ्या. उरलेल्यातले पहिले पैसे टायरवर. पाच टायर, ऑल टेरेन, स्टेपनीही त्याच मापाची, कारण फोर बाय फोरमध्ये एक चाक लहान-मोठं असलं की ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) रगडून निघते. विकणारा "टायर नवीन आहेत" म्हणेल, तेव्हा बाजूवरचा चार आकडी शिक्का वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल असली तरी एवढं जुनं रबर दगडावर फाटतं. मग क्लच, सगळी तेलं, ब्रेक, शॉकअप, बॅटरी. हवा भरायचा पंप आणि दोन चांगले शॅकल (लोखंडी कड्या) लागलेला टोचनचा पट्टा. उंच बंपर, रूफ रॅकवरची डबडी आणि स्टिकर या गोष्टी पैसे उरले तर, आणि ते उरत नाहीत.

पेट्रोल-डिझेलबद्दल एवढंच की मनाली सोडल्यावर काझापर्यंत पंपाचा भरवसा धरू नका. काझाचा पंप ३,७४० मीटरवर आहे आणि तिथं रांग असू शकते. जिप्सीवाल्यानं लोखंडी जेरीकॅन न्यावा, प्लास्टिकचा नको. नाले सकाळी ओलांडा. रात्री वर बर्फ गोठतं म्हणून पहाटे पाणी कमी असतं, दुपारी तोच नाला गुडघ्याचा कमरेला येतो. कुठलीही फोर बाय फोर घेतलीत तरी हे वेळापत्रक बदलत नाही.

आणि गाडी घ्यायची ती मेच्या आधी घ्या. जून ते सप्टेंबर मुळशी-वेल्ह्याच्या चिखलात ती रेटा, जे मोडायचं ते इथं, ओळखीच्या गॅरेजपासून तासाभरावर मोडू दे. गणपती झाले की मिस्त्रीकडे टाका, हौसिंगचं तेल पुन्हा काढून बघा, दिवाळीपर्यंत दुरुस्त्या उरका. स्पिती त्याच्या पुढच्या जूनमध्ये. एवढं थांबवत नसेल तर पुन्हा सांगतो, मनालीहून जीप करा.