लटकून झिजलंय

परवा दुपारी जेवून गाडी काढली, साताऱ्यात सदरबझारातल्या स्पीडब्रेकरवर पुढची चाकं चढली आणि स्टेरिंग हातात टक्‌ करून डुललं. आवाज नवीन नव्हता, दोन वर्षं तरी होताच, खरं सांगायचं तर मला त्याची सवयच झालेली, डावीकडं वळताना अंगठ्यानं स्टेरिंगचं चाक जरासं वर उचलून धरायचं की आवाज येत नाही. बायको मात्र शेजारी बसली की सरळ खालच्या पाईपला धरून बसते. "अहो, हे चाक एक दिवस तुमच्या मांडीवर येणार आहे बघा."

गाडी म्हणजे जुनी महिंद्राची जीप, आप्पांनी घेतलेली. १९४७ सालापासून महिंद्रानं इकडं विलीजच्या जीपा जोडायला घेतल्या, त्याच घराण्यातली ही. हिचं बॉनेट बघितलंय का कधी, उगाच उंच असतं, नाकावर पुस्तक ठेवल्यासारखं. १९५३ च्या सीजे-थ्रीबी मॉडेलात नवीन पेट्रोल इंजिन आलं, ते उंचीला जास्त, म्हणून बॉनेट वर उचललं. आमच्यात ते इंजिन नाहीच, डिझेल धडधडतंय, पण बॉनेट आपलं ताठच. असो.

तर पोवई नाक्याच्या अलीकडं आमचा मिस्त्री आहे. पूर्वी फक्त वडापच्या, म्हणजे माणसं कोंबून भाड्यानं नेणाऱ्या जीपा करायचा, आता वडाप कमी झालं, तरी त्याचं तोंड वडापवाल्यांचंच. त्यानं चाक न फिरवता नुसतं धरून वर-खाली हलवलं, मग डावीउजवीकडं. "सायब, ह्यो स्टेरिंग बॉक्सचा प्ले न्हाय, ढिलेपणा. बॉक्सचा असता तर चाक फिरवल्यावर टायर उशिरा हललं असतं. ह्ये वरचं बेअरिंग गेलंय कॉलमचं, चाकाखालच्या नळीचं." मी म्हटलं किती वेळ लागेल. "बेअरिंगला पंधरा मिंटं. चाक काढायला किती ते चाकाला इचारा."

आणि खरंच चाकानं दीड तास घेतला. आधी बॅटरीची वायर काढली, का तर हॉर्नची वायर त्या मधल्या बटणाखाली असते, ती बॉडीला लागली की हॉर्न बोंबलत बसतो. मग बटण, मग मोठा नट. नट त्यानं सैल केला पण पूर्ण काढला नाही, दोन आटे ठेवले. चाक ओढून काढायचा पुलर लावला, पाना ताणला, ताणला, पुलरचे दोन्ही पाय थरथरायला लागले, तरी चाक ढिम्म. मग बाजूला झाला, पुलरच्या बोल्टवर हातोडीचा एकच ठोका, थाड! चाक उडालं आणि नटाला अडलं. त्याच्या उस्तादानं एकदा नट पूर्ण काढून घेतलेला म्हणे, चाक सुटलं ते थेट तोंडावर, पुढचे दोन दात गेले. "तवापासून आमच्या गॅरेजात नट ऱ्हातो," म्हणाला.

चाकाखाली एक स्प्रिंग, स्प्रिंगची वाटी, आणि मग ते बेअरिंग. एवढंसं. कॉलमच्या नळीत तो लांब दांडा मधोमध राहावा एवढंच त्याचं काम, खालचं जड काम सगळं बॉक्समध्ये. आतलं ग्रीस वाळून काळी खपली झालेली, तीन गोळ्या घरंगळून त्याच्या फडक्यात पडल्या, एक सीटखाली गेली ती अजून सापडली नाही. त्यानं बाहेरची रिंग डिझेलनं पुसली, उजेडात धरली आणि माझ्या हातात दिली. एका बाजूला बोटाला नखभर खळगा लागत होता. बाकी सगळीकडं गुळगुळीत, चकचकीत.

"फिरून झिजलं असतं तर गोल झिजलं असतं. ह्ये एकाच अंगाला खाल्लंय, दाराच्या अंगाला. सायब, चालवून न्हाय, लटकून झिजलंय."

वडापच्या गाड्यांचं असंच व्हायचं म्हणे. आठवतंय ना वडाप, ड्रायव्हरच्याही उजवीकडं एक माणूस बसवलेला, ड्रायव्हर निम्मा त्या माणसाच्या मांडीवर निम्मा गिअरवर, आणि अख्खा भार चाकाला धरून तोललेला. मेढ्याला जाताना मी स्वतः त्या जागेवर बसलोय, भाडं पूर्ण दिलंय वर.

पण आमची गाडी वडापला कधी नव्हती. आमच्या गाडीला लटकायचे ते आप्पा. माणूस भरलेला, उजवा गुडघा दुखरा. डाव्या हातानं चाक धरायचं, उजव्यानं काचेच्या फ्रेमचा पाईप, "हंऽऽ" असा आवाज काढायचा आणि स्वतःला आत ओढून घ्यायचं. गाडी स्प्रिंगच्या पाट्यांवर उजवीकडं कलायची, मागच्या आडव्या सीटवर आम्ही तिघं भावंडं सरकत उजव्या अंगाला जमा व्हायचो, मग ते बसले की गाडी परत सरळ. रोजचं. आम्हाला वाटायचं गाडी चालू व्हायची हीच पद्धत असते, आधी हं, मग सेल्फ. पुढं डॉक्टरांनी सांगितलं गुडघा बदलून घ्या, आता काय सोपं झालंय, चौथ्या दिवशी चालाल. आप्पा म्हणाले, "आधी गाडीचं काम काढू, मग माझं." दोन्ही राहिलं.

नवीन बेअरिंग दोनशेच्या आतच मिळालं. जुनं मी खिशात टाकलं, ही माझी खोड आहे, घरी कंदी पेढ्याच्या डब्यात अशी सात-आठ आहेत, बायको विचारते याचं काय करणार, मी म्हणतो काही नाही. लहानपणी याच्यासाठी आम्ही गॅरेजवाल्यांच्या पाया पडायचो. फळी, खाली दोन आडव्या पट्ट्या, चार बेअरिंगं, पुढची पट्टी एकाच बोल्टवर, तिला सुतळी. झाली गाडी. चार भिंती स्मारकाकडून खाली येणारा उतार, डांबरावर त्या लोखंडाचा खर्रर्र असा आवाज की दुपारी झोपलेली म्हातारी माणसं गॅलरीत येऊन शिव्या द्यायची. ट्रकचं बेअरिंग ज्याच्याकडं तो पुढारी. जीपचं हबचं चालायचं. हे स्टेरिंगचं एवढंसं कुणी घेतलं नसतं, याच्या बदल्यात एक गोटीही मिळाली नसती. आणि त्या गाडीला स्टेरिंगचं बेअरिंग नव्हतंच, पायानं पट्टी दाबायची आणि देवाचं नाव घ्यायचं. माझ्या कोपराला अजून व्रण आहे, खालच्या वळणावर सुतळी तुटली होती. घरी सांगितलं सायकलवरून पडलो. आप्पांनी कोपर बघितलं, मग माझ्या खिशातलं बेअरिंग बघितलं, आणि काहीच बोलले नाहीत, नुसतं बेअरिंग बोटावर घालून फिरवलं. बराच वेळ फिरवत होते.

मिस्त्रीनं नवीन बसवलं, ग्रीस भरलं, वाटी, स्प्रिंग, चाक, नट. मी चाक काढायच्या आधी दांड्यावर आणि चाकावर खडूनं रेघ मारून ठेवली होती, तेवढी एक अक्कल आपल्याला आहे, पण पठ्ठ्यानं मध्येच डिझेलच्या फडक्यानं सगळं पुसून काढलेलं. अंदाजानं बसवलं.

"बसा, चक्कर मारून या."

मी डाव्या हातानं चाक धरलं, उजव्यानं पाईप, आणि आत ओढून घेतलं स्वतःला. मिस्त्री बघत होता. बोलला काही नाही, पाने फडक्यात गुंडाळायला लागला.

राधिका रोडनं जाऊन आलो. टक्‌ नाही, डुलणं नाही, इतकं शांत की डाव्या वळणाला अंगठा उगाचच चाक उचलायला गेला. फक्त गाडी सरळ जात असताना चाकाचे आरे जरा तिरके दिसतायत, चाक बसवताना दांड्यावरचा एक दात चुकलाय बहुतेक. परत काढायचं म्हणजे परत पुलर, परत दीड तास. पुढच्या रविवारी बघू.