एल्मची झाडं आणि चिडका कर्नल

लंडनमधल्या एक्झिबिशन रोडच्या दोन्ही अंगांची संग्रहालयं मागे टाकून मी सरळ हाइड पार्कात शिरलो, तेव्हा भाचा वैतागलाच. "मामा, इथे नुसतं गवत आहे रे!"

होतं खरं. दक्षिणेला गाड्यांचा रस्ता, उत्तरेला रॉटन रो ही घोड्यांची मातीची वाट आणि मधे ओलं गवत. सकाळच्या पावसाने माझे बूट केव्हाच पचपचू लागले होते. पण 1851 साली याच पट्ट्यात, जगभरच्या मालाच्या भल्यामोठ्या प्रदर्शनासाठी, सुमारे 1,850 फूट लांबीचा काचेचा महाल उभा होता. आधी भीती होती, की त्यासाठी इथली एल्मची झाडं तोडली जाणार. मी भाच्याला फोनवर जपून ठेवलेलं 1850 सालचं 'पंच' साप्ताहिकातलं व्यंगचित्र दाखवलं. मथळा असा: 'अल्बर्ट, त्या झाडांना सोड!' लाकूडतोड्याची विनवणी करणारं एक अमेरिकन गाणं तेव्हा लोकांच्या तोंडी होतं. 'पंच'ने लाकूडतोड्याच्या जागी थेट व्हिक्टोरिया राणीच्या नवऱ्याला, प्रदर्शनाचा पुढाकार घेणाऱ्या अल्बर्टलाच बसवलं आणि झाडांचा कैवारी म्हणून पुढे केला कर्नल सिबथॉर्प.

हा सिबथॉर्प लिंकनचा खासदार. भरघोस मिशा-कल्ले आणि त्याहून भरघोस राग. रेल्वे नको, परदेशी माल नको, परदेशी माणूस तर नकोच. प्रदर्शनावर गारा आणि विजा पडाव्यात, असंही तो संसदेत बोलून गेला. असा माणूस झाडांच्या बाजूने उभा राहिला की झाडंही थट्टेचा विषय होतात. पण 'पंच' अल्बर्टलाही सोडत नव्हता. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका चित्रात राजपुत्र गरीब पोरासारखा टोपी पुढे करून प्रदर्शनासाठी वर्गणी मागतोय. गणपतीची वर्गणी मागत फिरलेल्या कुणालाही ते चित्र लगेच कळेल.

मूळ आराखडा होता कोटीहून जास्त विटांच्या अवजड इमारतीचा, वर लोखंडी घुमट. बागेत एवढी वीट-चुना एकदा आली की ती परत जाणार कशाला, ही लोकांची भीती अगदी रास्त होती. (तात्पुरती शेड कायमची कशी होते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.) मग जोसेफ पॅक्स्टन पुढे आला. मुळात माळी, डर्बीशायरमधल्या चॅट्सवर्थच्या बागा सांभाळणारा. जून 1850 मध्ये रेल्वेच्या एका बैठकीत बसल्या बसल्या त्याने टीपकागदावर काच आणि लोखंडाचा नकाशा खरडला. उभारायला सोपा आणि मुख्य म्हणजे उचलून नेण्याजोगा. तो टीपकागद मघाशी मागे टाकलेल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या संग्रहात आहे.

झाडांचा प्रश्न मात्र उरलाच. पॅक्स्टनच्या सपाट छपराखाली उंच एल्म मावेनात. तेव्हा त्याने मधोमध कमानदार काचेचं छत चढवलं, 108 फूट उंच, आणि मोठे एल्म मुळांसकट आत घेतले. काही लहान झाडं गेली ती गेलीच. पण महालाचा सगळ्यात देखणा भाग कोणता, तर हीच कमान. चिडक्या कर्नलने कटकट केली नसती, तर ती झालीच नसती. मला तर चित्रातलं हसू इथे त्याच्यावरून घसरून हसणाऱ्यांवर येतं असं वाटतं.

झाडांबरोबर चिमण्याही आत आल्या आणि खालच्या उंची मालावर शिटू लागल्या. काचेच्या घरात बंदूक कशी चालवणार? सांगतात, की राणीने वॉटर्लूची लढाई जिंकलेल्या वृद्ध सेनापती वेलिंग्टनला विचारलं, तर तो म्हणाला, "ससाणे सोडा, बाईसाहेब."

"आणि 'पंच'?" भाच्याने विचारलं.

'पंच' उलटला. ज्याची टर उडवली त्याचं 'क्रिस्टल पॅलेस' हे नाव रूढ झालं ते त्याच्याच पानांतून. ही खोडी मुंबईलाही पोचली. 1854 साली तिथे 'पारसी पंच' निघालं, पुढे त्याचंच 'हिंदी पंच' झालं.

महाल नंतर दक्षिण लंडनमधल्या सिडनहॅमला हलवला गेला आणि 1936 साली जळाला. ब्रिटनचे बहुतेक एल्म 1970च्या दशकात एका बुरशीने खाल्ले. प्रदर्शनासाठी ओतलेलं लोखंडी फाटक मात्र जवळच उभं आहे. ते ओलांडून आम्ही अल्बर्टच्या स्मारकापाशी गेलो. सोन्याने मढवलेला राजपुत्र बसलाय, हातात त्याच प्रदर्शनाची सूची. खांद्यावर एक कबुतर होतं.