तुम्ही विचारलंत म्हणून: मत कोणाचं चालतं?

मी लांब पल्ल्याची धावपटू, नवरा कबड्डीपटू. निवडणूक आली की नाशकातले ओळखीचे हमखास विचारतात, "दोघंही खेळाडू, म्हणजे मत एकालाच देत असाल. ठरवतं कोण?"

ज्याचं तो ठरवतो. 2023 मध्ये साक्षी मलिक, विनेश फोगाट आणि बजरंग पुनिया कुस्ती महासंघाच्या अध्यक्षांवर लैंगिक छळाचे आरोप करत जंतरमंतरवर बसले, तेव्हा आमच्यात कडाक्याचा वाद झाला. खेळाडूने रस्त्यावर येऊ नये, असं ह्यांचं म्हणणं. मला वाटत होतं, आत कुणी ऐकत नसेल तर मुलींनी जायचं कुठे? साक्षीचा नवरा सत्यव्रत कादियान आणि विनेशचा सोमवीर राठी, दोघेही पैलवान, बायकांच्या बाजूने उभे राहिले, याचं मला फार मोल वाटतं. आमचं आजही त्यावर एकमत नाही.

आणि एकमत असायलाच हवं का? रवींद्र जडेजाची पत्नी रिवाबा 2022 मध्ये भाजपतर्फे जामनगर उत्तरमधून आमदार झाली, त्याची बहीण काँग्रेसमध्ये.

खरं तर मला पक्षापेक्षा दुसऱ्याच गोष्टीची काळजी वाटते. आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरमध्ये कांस्य जिंकलं, त्याचा अभिमान नाशकातल्या गोल्फ क्लब मैदानाच्या ट्रॅकवर सगळ्यांना आहे. पेठ, सुरगाणा, हरसूलच्या पाड्यांवरून मुली धावायला येतात, त्यांचं कौतुकही मनापासून होतं. पण त्याच कौतुक करणाऱ्यांच्या घरात सून धावपटू असली की लग्नानंतर तिचे बूट माळ्यावर जातात. यात खेळाडू नवरेही आले. स्वतःचं शिबिर लागलं की बॅग बायकोने भरायची. तिचं लागलं की आधी सासूबाईंना विचारायचं. स्त्रियांच्या बाजूने भाषण करणारा माणूस पहाटे पाचला डबा कोण करतं यावर गप्प बसतो, आणि मला तिथेच त्याचं राजकारण कळतं. आमच्याकडे हे पोळ्या करतात. वाद घालत करतात, पण करतात.

म्हणून मैदानावरच्या मुलीला स्थळ आलं की मी तिला बघण्याच्या कार्यक्रमातच विचारायला सांगते: "माझं शिबिर लागलं तर घर कोण बघणार?" उत्तर "बघू नंतर" असं आलं, तर नकार दे म्हणते, मुलगा कितीही मोठा खेळाडू असला तरी.