दिल्लीत टी-थ्रीला उतरून टी-वनवरून पुढचं विमान: कोल्हापूरहून निघणाऱ्यांसाठी

दिल्लीत एका टर्मिनलला उतरून त्याच दिवशी दुसऱ्या टर्मिनलवरून पुढचं विमान घ्यायचं असेल आणि दोन्ही तिकिटं वेगवेगळी काढलेली असतील, तर मध्ये किमान चार तास ठेवा. कुणी कितीही छातीठोकपणे सांगो, अडीच-तीन तासांवर जाऊ नका. आम्हाला दोन तास पन्नास मिनिटं मिळणार होती आणि "आरामात होतंय, चहा पिऊन जावा" असं सांगितलं गेलं होतं. चहा राहिला, विमानही गेलं.

आम्ही मे महिन्यात उत्तराखंडातल्या हर की दूनच्या ट्रेकला निघालो होतो. ट्रेकबद्दल इथं लिहीत नाही. तो उत्तम झाला, हवामानानं साथ दिली आणि त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. प्रवासाच्या पहिल्या दिवशी दिल्ली विमानतळावर जे झालं, त्याबद्दल मात्र निघण्याआधी कुणीच धड सांगितलं नव्हतं, म्हणून हे लिहितोय. पाठीवर सॅक घेऊन चालायची सवय तुम्हाला असणार, सामान कसं बांधायचं हेही माहीत असणार असं धरून चालतो.

मार्ग असा होता. उजळाईवाडीहून, म्हणजे कोल्हापूरच्या विमानतळावरून, सकाळी हैदराबाद, तिथून दिल्ली. हे एका कंपनीचं एकच तिकीट. पुढं दिल्ली ते देहरादून दुसऱ्या कंपनीचं वेगळं तिकीट, कारण ते स्वस्त पडत होतं. तिकिटं काढून देणाऱ्यानं दोन्हींवर 'दिल्ली' वाचलं आणि विषय संपवला. दिल्ली ते दिल्लीच, त्यात काय, असं त्याचं म्हणणं. पहिलं विमान टी-थ्रीला उतरणार होतं, दुसरं टी-वनवरून सुटणार होतं, आणि ही दोन टर्मिनलं म्हणजे एकाच इमारतीचे दोन दरवाजे नव्हेत. मध्ये धावपट्ट्या आहेत, त्यामुळं बाहेर पडून, एरोसिटी-महिपालपूरच्या बाजूनं हमरस्त्याला लागून, वळसा घालून जावं लागतं. ताराराणी चौकातून उजळाईवाडीच्या विमानतळावर जाण्याएवढं अंतर धरा, फक्त रहदारी दिल्लीची. टी-टू मात्र टी-थ्रीला लागून आहे, चालत जाता येतं. तुमचं पुढचं विमान टी-टूवरून असेल तर यातली निम्मी काळजी सोडून द्या.

तो हमरस्ता म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ४८, आपल्या उजळाईवाडीवरून पुण्या-बेंगळुरूला जातो तोच. कोल्हापुरात या रस्त्याला लागलं की गाडी पळते. दिल्लीत भर दुपारी त्याच रस्त्यावर आमची टॅक्सी ठप्प उभी होती.

वेळेचा हिशोब तपशीलवार देतो, कारण सगळी गोम त्यातच आहे. उतरायची वेळ १.२० होती, चाकं टेकली १.५५ ला. दिल्लीत चाकं टेकली म्हणजे पोहोचलो असं नाही. विमान धावपट्टीवरून जागेवर येईपर्यंतच पंधरा-वीस मिनिटं जातात. दारातून बाहेर पडलो तेव्हा सव्वादोन झाले होते. टी-थ्री २०१० साली सुरू झालेलं अवाढव्य टर्मिनल आहे. गेटपासून सामानाच्या पट्ट्यापर्यंतची चाल लांबलचक, सरकते पट्टे असले तरी पाय उचलावेच लागतात. सॅक हातात पडल्या २.४० ला. टॅक्सीत बसलो २.५० ला. टी-वनच्या दारात पोहोचलो ३.२५ ला. देहरादूनचं विमान सुटणार होतं ४.१० ला, म्हणजे पाऊण तास शिल्लक. पण देशांतर्गत विमानाला सामान घेणारा काउंटर सुटण्याच्या एक तास आधी बंद होतो. वेब चेक-इन मोबाईलवर झालेलं होतं, त्याचा काही उपयोग नाही, कारण ट्रेकिंगच्या काठ्या आणि सुरी हातातल्या सामानातून नेता येत नाहीत. सॅक आत द्यावीच लागते. ३.१० ला काउंटर बंद झाला होता. तिथल्या मुलीनं शांतपणे तेवढंच सांगितलं आणि नियमानं ती बरोबर होती.

म्हणजे खरी मुदत विमान सुटण्याची धरायचीच नाही, त्याच्या एक तास आधीची धरायची. दोन तास पन्नास मिनिटांतला एक तास तिथंच वजा करा, पस्तीस मिनिटं उशिराची वजा करा, मग उरतं ते बघा.

टॅक्सीबद्दल. टी-थ्रीच्या बाहेर पडताच "टी-वन? टी-वन?" करत माणसं अंगावर येतात. घड्याळ बघत पळणारा, पाठीवर सॅक असलेला प्रवासी त्यांना लांबूनच कळतो. आमच्याकडून बाराशे रुपये घेतले, वर "लगेज का अलग" म्हणून दोनशे. "बीस मिनट, सर, पक्का." परतीला हाच टप्पा उलट दिशेनं ॲपवरच्या टॅक्सीनं केला, त्याच्या चौथाईत झाला. चौदाशे रुपये! ही सरळ लुबाडणूक आहे आणि घाईतल्या माणसाला गाठूनच केली जाते. अशा कुणाबरोबरही जाऊ नका. टी-थ्रीला दिल्ली वाहतूक पोलिसांचा प्रीपेड टॅक्सीचा काउंटर आहे, तिथं पावती घ्या. ॲपवरची टॅक्सी बोलवायची तर ती दारात येत नाही, बहुमजली पार्किंगमध्ये जावं लागतं. त्यासाठी दहा मिनिटं वेगळी धरा आणि सॅक पट्ट्यावर यायची वाट बघत असतानाच गाडी शोधायला लागा. टर्मिनलांमध्ये बसही धावते. वेळ असेल तर तीच बरी. पुढच्या विमानाचं तिकीट हातात तयार ठेवा. पण बस सुटायची वाट बघणं आणि रस्त्यावरची गर्दी मिळून तिला पाऊण तास द्या.

आता मेट्रो. आमच्यातल्या एका काकांना कुणीतरी सांगितलं होतं, "दोन्ही टर्मिनलला मेट्रो आहे, खालनं जायचं, रस्त्याचा संबंधच नाही." दोन्ही टर्मिनलला मेट्रो आहे हे खरं. पण टी-थ्रीचं स्टेशन एअरपोर्ट एक्सप्रेस मार्गावर आहे आणि टी-वनचं मॅजेंटा मार्गावर. थेट गाडीच नाही. जायचं तर टी-थ्रीहून द्वारका सेक्टर २१, तिथं गाडी बदलून निळ्या मार्गानं जनकपुरी पश्चिम, तिथं परत बदलून मॅजेंटानं टी-वन. सॅक घेऊन दोनदा बदल, जिने, तपासणी. सहा तास मोकळे असतील तर खुशाल जा, स्वस्त आहे. पुढचं विमान पकडायला हा रस्ता अजिबात नाही. जो कुणी हे "खालनं जायचं" सांगत फिरतोय, त्यानं स्वतः एकदा जाऊन बघावं.

आपल्या मुंबईत मात्र ही सोय खरोखर झाली आहे. ऑक्टोबर २०२४ पासून मेट्रो ३ सुरू झाली आणि तिच्यावर सहारचं टी-टू आणि सांताक्रूझचं टी-वन ही दोन्ही स्टेशनं एकाच मार्गावर आहेत. मध्ये फक्त सहार रोड हे एक स्टेशन. पूर्वी टी-टूवरून टी-वनला जायला पश्चिम द्रुतगती महामार्गाच्या गर्दीत जीव जायचा. आता दिवसा जाणार असाल तर टॅक्सीचा विचारसुद्धा करू नका. पहाटे आणि रात्री उशिरा मेट्रो नसते, एवढं ध्यानात ठेवा. आणि हल्ली मुंबईचं तिकीट काढताना विमानतळाचं अक्षरी चिन्ह वाचायला शिका. बीओएम म्हणजे जुनं, एनएमआय म्हणजे नवी मुंबईचं. एकाला उतरून दुसऱ्यावरून त्याच दिवशी पुढं जायचं असलं कुणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा.

बेंगळुरूची दोन टर्मिनलं जवळजवळ आहेत, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. हैदराबादला तर टर्मिनल एकच. कोल्हापूरकरांनी बदल करायचाच असेल तर हैदराबाद डोळे झाकून निवडावं. आम्ही तिथं उतरून, पाणी पिऊन, पुढच्या गेटवर जाऊन बसलो. त्याच्याबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं काही घडलं नाही.

तिकिटाचा प्रकार हा सगळ्यात मोठा मुद्दा आहे. एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर, सगळा प्रवास असेल तर सामानाला शेवटच्या ठिकाणाची चिठ्ठी लागते, मध्ये ते उचलावं लागत नाही, आणि पहिल्या विमानाच्या उशिरानं दुसरं चुकलं तर पुढं पोहोचवण्याची जबाबदारी कंपनीवर येते. वेगळी तिकिटं असली की पहिल्या कंपनीच्या दृष्टीनं तुमचा प्रवास दिल्लीतच संपला. दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीनं तुम्ही वेळेवर आला नाहीत. दोघांपैकी कुणीही तुम्हाला काही देणं लागत नाही. आम्ही वेगळ्या तिकिटांमुळं जे वाचवलं होतं, ते टी-वनच्या काउंटरवर कितीतरी पटीनं गेलं, कारण जुनं तिकीट 'नो-शो', म्हणजे प्रवासी आलाच नाही असं, ठरलं आणि त्याच दिवसाचं संध्याकाळचं नवं तिकीट ऐन वेळच्या भावानं घ्यावं लागलं. ते घेणं भागच होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे देहरादूनहून सांकरीला, जिथून ट्रेक सुरू होतो त्या गावाला, गाडी निघणार होती.

काउंटरवरच्या मुलीनं एक गोष्ट सांगितली, ती आधी कळली असती तर बरेच पैसे वाचले असते. हैदराबादला उशिराची घोषणा झाली तेव्हा देहरादूनच्या विमानाला अजून चांगला वेळ होता. त्या वेळी मोबाईलवरून संध्याकाळच्या विमानावर बदल करून घेतला असता तर बदलाचं शुल्क आणि भाड्यातला फरक एवढंच द्यावं लागलं असतं. बदलाची ही सोय विमान सुटण्याच्या काही तास आधी बंद होते. मी तेव्हा तिकीटवाल्याला फोन केला होता. तो म्हणाला, "साहेब, काय टेन्शन घेऊ नका, पोहोचताय." तुम्ही असं कुणाला विचारत बसू नका. पहिलं विमान अर्धा तास उशिरा आहे असं कळलं की तिथंच बसून पुढचं तिकीट बदला. पुढच्या विमानाची वेळ, त्यातून एक तास वजा, हे गणित स्वतः करा.

टर्मिनल आदल्या रात्री परत तपासा. तिकीट काढताना छापलेलं टर्मिनल शेवटपर्यंत तेच राहील याची खात्री नसते. २८ जून २०२४ ला टी-वनच्या छताचा भाग कोसळला, तेव्हा तिथली विमानं टी-टू आणि टी-थ्रीवर हलवली होती. पुढं २०२५ मध्ये टी-टू दुरुस्तीसाठी काही महिने बंद होतं. एकाच कंपनीची विमानंही दिल्लीत वेगवेगळ्या टर्मिनलांवरून सुटतात, त्यामुळं कंपनीचं नाव बघून टर्मिनल ठरवू नका. चुकीच्या टर्मिनलवर गेलात तर सीआयएसएफचे, म्हणजे विमानतळाच्या सुरक्षा दलाचे, जवान दारातूनच परत पाठवतात.

टी-वनची नवी इमारत आणि आपल्या उजळाईवाडीची नवी टर्मिनल इमारत, दोन्हींचं उद्घाटन एकाच दिवशी, १० मार्च २०२४ ला झालं. आपल्याकडं दारातून आत गेल्यावर थोड्या वेळात विमानात बसता येतं. या सवयीनं दिल्लीला जाऊ नका.

परतीच्या प्रवासात जोखीम उलटी असते. कोल्हापूरला येणारं शेवटचं विमान चुकलं तर त्या मार्गावर त्या दिवशी दुसरं मिळेलच असं नाही. आम्ही दिल्ली-हैदराबाद-कोल्हापूर एकाच तिकिटावर केलं आणि निवांत आलो. चुकलंच तर बेळगावचं सांबरा विमानतळ बघा, तिथून घर शंभर-सव्वाशे किलोमीटरवर आहे. पुणेही चालेल, रात्री गाड्या भरपूर मिळतात. हैदराबादला मुक्काम करून दुसऱ्या दिवसाची वाट बघण्यापेक्षा हे बरं.

देहरादूनला जाणाऱ्यांसाठी माझं स्पष्ट मत: दिल्लीहून पुढं विमान घेऊच नका. दिल्लीतल्याच आनंद विहार रेल्वे स्टेशनवरून संध्याकाळी वंदे भारत आहे, रात्री देहरादूनला सोडते. टी-थ्रीहून आनंद विहारला जायला अख्खी दुपार हातात असते, चुकायची भीती नाही, आणि सॅकमधल्या काठ्यांचा प्रश्नच येत नाही.

आणि विमान चुकलं असेल तर एक काम घरी आल्यावर नक्की करा. तिकीट परतावा न मिळणाऱ्या प्रकारचं असलं तरी त्यातले कर आणि विमानतळाची शुल्कं, म्हणजे यूडीएफ (विमानतळ वापराचं शुल्क) वगैरे, प्रवास केला नाही तर परत द्यावे लागतात. डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, तसा नियम आहे. रद्द करण्याचं शुल्कही मूळ भाडं अधिक इंधन अधिभार यापेक्षा जास्त लावता येत नाही. हे पैसे आपोआप येतील म्हणून बसू नका. कंपनीच्या संकेतस्थळावर पीएनआर टाकून मागा, तिकीट दुसऱ्यानं काढलं असेल तर त्याच्या मागं लागा, दाद लागली नाही तर एअरसेवा या सरकारी तक्रार पोर्टलवर तक्रार टाका. आम्ही माणशी वेगळी मागणी केली. तिकीटवाला आधी "त्यात काय मिळत नाही" म्हणाला. नियम दाखवल्यावर पैसे आले.